बंबाचं शटडाऊन

"बॉयलर म्हणजे काय असते, ते मले इचारा!"

चंपत खोब्रागडे हे वाक्य दिवसातून निदान चार वेळा म्हणायचा. कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी. भिलाईचा कारखाना अजून पुरता उभा राहायचा होता, एका बाजूनं बांधकाम आणि दुसऱ्या बाजूनं पोलाद असा सगळा धडाका चालला होता आणि त्या धडाक्याला लागणारी वाफ जिथे तयार व्हायची, त्या पॉवर हाऊसमध्ये चंपत बॉयलर अटेंडंट होता. बॉयलर केवढा? चार मजली! त्यातले चंपतच्या ताब्यात होते दोन काटे, एक झडप आणि एक नोंदवही. पण तो बोलायला लागला, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस एक दिवस रजेवर गेला तर अख्खी भिलाई थंड पडेल!

याच तोंडानं त्याला गोत्यात आणलं.

झालं असं, की १९६१च्या डिसेंबरात गुसेव साहेबांची परत जायची वेळ आली. गुसेव साहेब म्हणजे बॉयलर शिकवायला रशियाहून आलेले तज्ज्ञ. दारातून आत यायचे तर आधी खांदा आणि मग उरलेले साहेब, असं अंगापिंडाचं काम. जाण्याआधी ते एकेका कामगाराजवळ थांबून दोन शब्द बोलत होते. म्हणजे साहेब रशियनमध्ये बोलायचे आणि शामसुंदर नावाचा रायपूरचा दुभाष्या त्याचं हिंदी करायचा. चंपतच्या पाठीवर थाप पडली. एवढ्यावर त्यानं नमस्कार करून गप्प बसावं की नाही? पण छे!

"साहेबाले सांगा," चंपत छाती काढून म्हणाला, "माझ्या घरीबी एक बॉयलर हाय. मीच चालवतो!"

शामसुंदरनं सांगितलं. साहेबांच्या निळ्या डोळ्यांत चमक आली.

"कितने प्रेशर का है, पूछ रहे हैं।"

"प्रेशर-गिशर काही नाही. त्याचं झाकण उघडंच असते."

साहेब खदाखदा हसले, काहीतरी बोलले आणि पुढच्या माणसाकडे गेले.

"देखने आएँगे, बोल रहे हैं," शामसुंदर म्हणाला. "इतवार को। ठीक चार बजे।"

चंपतच्या हातातली नोंदवही खाली पडली.

आता हा घरचा बॉयलर म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. सेक्टर दोनमधलं चंपतचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मागे अंगण, अंगणात नळ, आणि नळाशेजारी विटांच्या चौथऱ्यावर विराजमान झालेला तांब्याचा बंब. बंब चंपतच्या आईचा, भागीरथाबाईंचा. नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या तेव्हा परतताना इतवारीच्या भांडेबाजारातून त्यांनी तो मोडीतला उचलला होता आणि रेल्वेत स्वतःच्या मांडीवर घेऊन आणला होता. एका अंगाला चेपलेला, बुडाशी जुना डाग दिलेला. सुरुवातीला डागातून ठिबकायचा. तीन महिन्यांनी आपोआप थांबला.

"आपल्या पाण्यानंच सांधला त्याले!" माय सांगायच्या.

"पाणी कधी सांधते का, माय?" चंपत हसायचा. "मले बॉयलरचं नोको शिकवू!"

पाणी हा त्या घरातला नाजूक विषय होता. क्वार्टरांच्या त्या लायनीला ट्यूबवेलचं पाणी यायचं आणि ते इतकं जड होतं, की साबण घासून हात दुखायचा, फेस काही यायचा नाही. पेला धुऊन उपडा घातला, की वाळल्यावर त्यावर पांढरे ठिपके. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी. चंपतनं दुर्गहून हौसेनं विजेवर पाणी तापवायची कांडी आणली होती. चार महिन्यांत तिच्यावर इतका जाड पांढरा थर चढला, की कांडी कुठली आणि थर कुठला कळेना. आणि एका सकाळी 'फट्!' असा आवाज करून ती गेली, ती जाताना शेजारपाजारची वीजही घेऊन गेली. तेव्हापासून चंपतचं आणि पाण्याचं वाकडं होतं.

"हे पाणी नाही, पातळ चुना हाय!" तो म्हणाला, की आतून आवाज यायचाच.

"माझ्या नळाले नावं ठेवाचं काम नाही!"

माझ्या नळाले! भागीरथाबाई नळाला रोज सकाळी आधी हात लावायच्या, मग सोडायच्या. त्यांच्या गावी विहीर होती, पण तिच्या पायऱ्या त्यांनी जन्मात कधी चढल्या नव्हत्या. खाली घागर घेऊन उभं राहायचं, कोणाला दया आली तर वरून ओतायचं. नाही आली तर उभंच राहायचं. पंचावन्न वर्षं अशी गेल्यावर या बाईच्या अंगणात नळ आला. तोटी फिरवली की पाणी! कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. ते पाणी जड असो की हलकं, त्याच्याविषयी वाईट शब्द त्यांना ऐकवत नसे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्यामुळे घरी कोणीही आलं, की त्या आधी पेलाभर पाणी पुढे करायच्या. स्टीलचा पेला, चिंचेनं घासून लख्ख केलेला. आणि तो पेला परत न्यायला लावणारा एकच माणूस त्या लायनीत होता. शेजारचे विद्याधरराव.

विद्याधरराव मूळचे रायपूरचे, कारखान्याच्या भांडारात कारकून. माणूस वाईट मुळीच नव्हता. चंपतला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, अर्ज लिहून द्यायचा, भिंतीवरून तास तास गप्पा मारायचा. पण पाण्याचा पेला पुढे आला की दोन्ही हात वर!

"नको हो, भागीरथाबाई. तुमच्याकडचं पाणी फार जड. माझ्या पोटाला झेपत नाही."

आता दोन्ही क्वार्टरांना पाणी एकाच पाइपातून यायचं. मधली भिंतसुद्धा एकच. पण भागीरथाबाई "बरं" म्हणून पेला आत घेऊन जायच्या. पाणी न पिण्याची कारणं त्यांनी आयुष्यात इतक्या तऱ्हांची ऐकली होती, की कारण सांगणाऱ्याच्या आधी त्यांना ते कळायचं.

पोटाचं मात्र विद्याधररावांचं खरंच होतं. रोज पहाटे हे गृहस्थ गरम पाणी पिऊन अंगणात येरझारा घालायचे. हरडे, सुंठ, एरंडेल, सगळं करून झालं होतं. अर्धा तास फेऱ्या, मग आशेनं आत, मग निराशेनं बाहेर, की पुन्हा फेऱ्या. बायकोला सोडून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नसेल एवढं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी असायचं. अख्ख्या लायनीला ते पाठ होतं.

तर, रविवार. सकाळी सात वाजता चंपत बंबासमोर उभा राहिला. गेल्या वर्षभरात बंबाला पाणी तापवायला दीड तास लागायला लागला होता. आत वाकून बघितलं तर भिंतींवर बोटभर जाड पांढरा थर. कारखान्यात याला स्केल म्हणतात. बॉयलरच्या तज्ज्ञाला बॉयलर म्हणून हे दाखवायचं? साहेब काय म्हणतील? चार मजली बॉयलरचा माणूस आणि घरी ही दशा!

"कांता," चंपतनं बायकोला बोलावून जाहीर केलं, "आज बंबाचं शटडाऊन!"

"म्हणजे काय?" कांतानं विचारलं. ती सकाळपासून पुरणाची हरभऱ्याची डाळ चुलीवर चढवून बसली होती. रशियाचा पाहुणा येणार, पुरणपोळी नको?

"म्हणजे बंब बंद. दोन तास. अॅसिड क्लीनिंग!"

"अॅसिड?" माय बाहेर आल्या. "माह्या बंबात?"

"कारखान्यात अॅसिडनं करतात. आपण चिंचेनं करू. तू बाहेरून चिंच लावते ना दर रविवारी? मी आतून लावतो. त्याच्यात काय हाय?"

"बाहेरून लावाची असते ती. आतलं आत राहू दे बापा! त्यानं बंबाचं बरं चाललं हाय."

"माय, बॉयलर म्हणजे काय असते, ते मले इचार!"

आणि कारखान्यात चालतं तस्संच सगळं सुरू झालं. पुठ्ठ्यावर कोळशानं लिहिलं गेलं: 'सावधान! काम चालू आहे.' पुठ्ठा नळाला टांगला गेला. नोंदवही उघडली. 'सात वाजून दहा मिनिटे. बंब रिकामा केला.' कांता बादली घेऊन आली तर, "परमिट कुठे हाय?"

"कशाचं परमिट? मले भांडे घासाचे हाय!"

"परमिटशिवाय शटडाऊनच्या जागी कोणाले येता येत नाही."

"मंग तुमच्या जेवणाचंबी परमिट काढून ठेवा," कांता म्हणाली आणि बादली भरून घेऊन गेली.

वर्षाची चिंच बरणीत होती. चंपतनं तीन शेर काढली, कोळली, बंबात ओतली, काठोकाठ पाणी भरलं, मधल्या नळकांड्यात कोळसे पेटवले आणि झाकण ठेवलं. तासाभरात बंबातून असा वास सुटला, की भिंतीवरून विद्याधररावांचं डोकं वर आलं.

"चंपतराव, आज चिंचेचं सार का? केवढ्या माणसांचं?"

"खाजगी काम हाय!" चंपत म्हणाला.

कारखान्यातलं एक गुपित असं, की शटडाऊन दोन तासांचं म्हणाले तर ते दिवसभर चालतं. नऊ वाजता चंपतनं काठी आत घालून खरवडलं. थर जागेवर! अकरा वाजता, थोडा मऊ. आणखी कोळसे. एक वाजता थराचे तुकडे सुटायला लागले. चंपतला हुरूप आला, आणखी कोळसे! आतलं पाणी तांबूस, मग तपकिरी, मग गडद तपकिरी होत गेलं.

स्वयंपाकघरात वेगळंच दुःख चाललं होतं.

"अवो, डाळ शिजूनच नाही राहिली," कांता घामाघूम होऊन दारात आली. "सात वाजतापासून चुलीवर हाय. कणीक तिंबून, तेल लावून ठेवली. आता पुरण कायचं करू, गिट्टीचं?"

"जड पाणी!" चंपत म्हणाला. "मी कधीचं सांगून राहिलो—"

"नळाले नावं ठेवाचं काम नाही!" आतून.

एवढ्यात बाहेर जीप थांबली. चंपतनं घड्याळ बघितलं. चार. ठोक्याला चार! रशियन माणूस! आणि बंबात चाळीस लिटर उकळतं, फसफसतं चिंचपाणी! ओतून द्यावं तर अंगणभर वाफाच वाफा. ठेवावं तर...

"नमस्ते, नमस्ते!" साहेब दारातून आत आलेसुद्धा. मागे शामसुंदर.

भागीरथाबाई नवी पांढरी साडी नेसून तयार होत्या. त्या पुढे झाल्या आणि नेहमीसारखा लख्ख पेला दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. साहेबांनी हात पुढे केला. पण शामसुंदर घाईघाईनं मध्ये आला.

"माँजी, साहब कच्चा पानी नहीं पीते। उबला हुआ ही पीते हैं। डॉक्टर ने मना किया है।"

साहेबांनी छातीवर हात ठेवून मान लववली, माफी मागितल्यासारखी.

"बरं," भागीरथाबाई म्हणाल्या.

पेला घेऊन त्या मागे सरल्या. चेहरा तसाच, पण पेला धरलेले दोन्ही हात खाली आले होते. चंपतनं ते पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला बंबाचा विसर पडला. इतक्या दुरून माणूस आला आणि कारणही घेऊन आला!

"बॉयलर कहाँ है?" शामसुंदरनं विचारलं.

झक मारत चंपत त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. साहेबांनी बंब पाहिला. तांब्याचं पोटाळं धूड, वरून निघालेलं धुराचं नळकांडं, खाली लालभडक कोळसे, पुढे पितळी तोटी, झाकणाखालून निघणारी वाफ. साहेब जागच्या जागी थांबले. मग त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे फेकले आणि अशी आरोळी ठोकली, की लायनीतली कुत्री भुंकायला लागली.

"सामोवार!"

"क्या बोल रहे हैं?" चंपतनं घाबरून विचारलं.

शामसुंदरचाही चेहरा उजळला. "अरे भाई, इनके देश में चाय का पानी इसी में उबालते हैं। ऐसा ही होता है, बीच में कोयला, बाजू में नल। बस, इतना-सा होता है," त्यानं गुडघ्याएवढी उंची दाखवली. "इतना बड़ा साहब ने कभी नहीं देखा। बोल रहे हैं, दो साल हो गए घर का सामोवार देखे हुए।"

साहेब बंबाभोवती फिरले. चेपलेल्या अंगावरून हात फिरवला, चटका बसला, तरी हसले. मग त्यांचं लक्ष भागीरथाबाईंच्या हातातल्या पेल्याकडे गेलं. त्यांनी तोच पेला हळूच काढून घेतला, पाणी अदबीनं कुठे ओतावं म्हणून इकडेतिकडे बघितलं, शेवटी अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं आणि बंबाच्या तोटीखाली धरला.

"साहब बोल रहे हैं, यह तो उबला हुआ है। यह पिएँगे।"

"थांबा!" चंपत ओरडला.

पण तोटी फिरली होती. पेल्यात पडलं काय? गडद, तपकिरी, वाफाळतं! साहेब हरखले.

"चाय!" ते शुद्ध हिंदीत म्हणाले.

"साहब समझ गए," शामसुंदर म्हणाला, "हिन्दुस्तान में पत्ती पानी में ही उबालते हैं। सब एक साथ।"

चंपतच्या जिभेवर सगळं आलं होतं. साहेब, हा चहा नव्हे, अॅसिड क्लीनिंग हाय. त्यात तीन शेर चिंच आणि दोन वर्षांचा चुना हाय. एक शब्द, आणि सगळं थांबलं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि मायकडे पाहिलं. माय साहेबांच्या हातातल्या पेल्याकडे बघत होत्या. श्वास रोखून. त्यांच्या नळाचं पाणी, त्यांच्या बंबातलं, त्यांच्या पेल्यात, आणि कोणीतरी स्वतःच्या हातानं मागून घेतलेलं!

चंपतनं तोंड मिटलं.

"साखर!" तो कांताच्या कानात किंचाळला. "लौकर! मुठीनं टाक!"

कांतानं साखर टाकली. साहेबांनी एक घोट घेतला. साहेबांचा उजवा डोळा मिटला. मग डावा. मग दोन्ही उघडले. मग ते बराच वेळ बोलत राहिले.

"नींबू की चाय है, बोल रहे हैं," शामसुंदर म्हणाला. "उनके यहाँ नींबू डालकर ही पीते हैं। यहाँ दो साल में सबने दूध डालकर पिलाई। आज पहली बार घर की चाय मिली।"

"आन पाण्याचं? पाण्याचं काय म्हणते तो?" भागीरथाबाईंनी विचारलं.

शामसुंदरनं विचारलं. साहेब भागीरथाबाईंपुढे वाकले.

"पानी बहुत अच्छा है, बोल रहे हैं। और एक गिलास चाहिए।"

भागीरथाबाईंनी पेला घेतला आणि तोटी स्वतः फिरवली. पदर डोळ्यांना लावला तो वाफेमुळे, असं त्या अजूनही सांगतात. मग त्यांनी चंपतकडे असं पाहिलं, की वर्षभरात त्यानं पाण्याला ठेवलेली सगळी नावं त्याला एकदम आठवली.

शामसुंदरलाही एक पेला मिळाला. नको म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती, साहेब बघत होते. आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीवर डोकं उगवलं.

"रशियन साहेब काय पितायत हो, चंपतराव?"

साहेबांनी हातानं खूण करून विद्याधररावांना बोलावलंसुद्धा! विद्याधरराव टोपी सावरत अंगणात आले. तज्ज्ञ साहेबांनी स्वतः पेला भरून त्यांच्यापुढे धरला. विद्याधररावांनी सवयीनं दोन्ही हात वर केले.

"त्याइले नाही जमत," भागीरथाबाई शांतपणे शामसुंदरला म्हणाल्या. "आमच्याकडलं पाणी जड हाय. त्याइच्या पोटाले झेपत नाही."

अंगणात सगळे विद्याधररावांकडे बघायला लागले. रशियासुद्धा.

"नाही, म्हणजे," विद्याधरराव घसा खाकरत म्हणाले, "उकळल्यावर... जरा हलकं होतं."

आणि त्यांनी पेला तोंडाला लावला. एक झाला. साहेबांनी दुसरा भरला. दुसराही झाला. चंपत नोंदवहीमागे तोंड लपवून उभा होता.

तिसऱ्या पेल्याची वेळ आली नाही. कारण बंबाच्या बुडातून आवाज आला. सुर्रर्र!

एक बारीक धार, केसाएवढी. मग दोन. जुन्या डागाच्या जागेवरून चिंचपाण्याची पिचकारी सुटली, ती सरळ शामसुंदरच्या विजारीवर. खाली कोळशांवर पाणी पडलं आणि राख, वाफ, फसफसाट! शामसुंदर नाचायला लागला. विद्याधरराव भिंतीवर चढले.

"माहा बंब!" भागीरथाबाई ओरडल्या.

साहेबांनी कोट फेकला आणि रशियनमध्ये काहीतरी गर्जना केली. शामसुंदर भाषांतर करायच्या परिस्थितीत नव्हता, पण चंपतला गरज पडली नाही. बॉयलर फुटायला आला तर पहिलं काम एकच. आग काढ! दोघे गुडघ्यांवर बसले. एकानं चिमट्यानं, एकानं फावड्यानं, राखेत तोंड काळं करून दोन मिनिटांत सगळे कोळसे बाहेर ओढले. पण धार काही थांबेना. साहेबांनी हात मागे करून बोटं नाचवली: काहीतरी द्या, चिकट, मऊ, लवकर!

कांतानं आत धाव घेतली आणि पुरणपोळीची कणीक घेऊन आली. तेल लावून, चांगली तिंबून, दिवसभर मुरलेली! साहेबांनी गोळा तोडला, डागावर थापला, वरून चिंधी बांधली. धारेची ठिबक झाली. ठिबकीचा थेंब झाला.

मग साहेब उठले, बंबाच्या आत डोकावले, बोटानं भिंत पुसली, बोट चाटलं आणि चंपतकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग पेल्याकडे बघितलं. मग हसायला लागले, ते असे, की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि बोलले.

"साहब पूछ रहे हैं," शामसुंदर विजार पिळत म्हणाला, "स्केल किसने निकाली?"

"मी," चंपत म्हणाला. इतक्या बारीक आवाजात तो जन्मात बोलला नव्हता.

"बोल रहे हैं, कारखाने के बॉयलर में स्केल दुश्मन है। मगर यह बूढ़ा है। इसका छेद स्केल ने ही बंद करके रखा था। अब रोज़ यही पानी भरो, धीमी आँच दो। तीन महीने में फिर बंद हो जाएगा।"

"कोणतं पाणी?" भागीरथाबाईंनी विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं. पण पुन्हा ऐकायचं होतं.

"यही, माँजी। आपके नल का।"

भागीरथाबाईंनी चंपतनं नळाला टांगलेला पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चंपतला जाग आली, ती शेजारच्या येरझारांचा आवाज येत नव्हता म्हणून. अंगणात सामसूम. भिंतीपलीकडे कोणी नाही. दोन पेले! आणि ते पोट! आणि साहेबांचेही दोन!

तोच दार वाजलं. दारात विद्याधरराव. चेहरा पांढरा, हातात तांब्या.

"चंपतराव," ते दाराला धरून म्हणाले, "पहाटे तीनपासून सात वेळा."

"चुकलं माझं, विद्याधरराव!" चंपतनं हातच जोडले. "मी तुमाले सांगाले पायजे होतं, का ते पाणी—"

"चुकलं कसलं?" विद्याधररावांनी त्याचे जोडलेले हात धरले. "अकरा वर्षं, चंपतराव! अकरा वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय! काय पाणी आहे हो तुमचं! अंग कसं पिसासारखं झालंय." आणि त्यांनी चंपतच्या खांद्यावरून आत बघितलं. "मावशी आहेत का? मावशी, तुमच्या नळाचं थोडं पाणी मिळेल का?"

मावशी! इतके दिवस भागीरथाबाई म्हणणारा माणूस!

भागीरथाबाई दारात आल्या. त्यांनी विद्याधररावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नळ तं तुमच्याबी घरी हाय. एकच पाइप हाय."

"ते आहे," विद्याधरराव जमिनीकडे बघत म्हणाले. "पण तुमच्याकडच्या पाण्यात काहीतरी आहे, मावशी. उगाच इतके दिवस... प्यायलो नाही."

भागीरथाबाईंनी त्यांचा तांब्या घेतला नाही. आत जाऊन त्यांनी लख्ख पेला आणला, नळाखाली भरला, साधं गार पाणी, चिंच नाही, काही नाही, आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. विद्याधरराव तिथेच उंबऱ्यात उभ्या उभ्या घटाघटा प्यायले आणि आणखी मागितलं. भागीरथाबाई रिकाम्या पेल्याकडे बघत राहिल्या. चंपत चिंचेचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात!

गुसेव साहेब त्या दिवशी पॉवर हाऊसमध्ये दोन तास उशिरा आले. दोन वर्षांत पहिल्यांदा! चंपतजवळ थांबले, पोटावरून हात फिरवला.

"साहब बोल रहे हैं," शामसुंदर म्हणाला. तोही जरा उतरलेलाच दिसत होता. "पानी सचमुच अच्छा है। बस, ताक़त ज़्यादा है।"

तेव्हापासून विद्याधरराव रोज सकाळी येतात, दारात उभे राहून पेलाभर पाणी पितात आणि गुण येतो म्हणून सांगतात. कणकेचा बंब चौथऱ्यावर आहे. मंद आचेवर रोज सकाळी एक बादली कोमट पाणी देतो, ती मायची. चंपत भर जानेवारीत नळाच्या थंडगार पाण्यानं अंघोळ करतो आणि दात वाजवत नोंदवहीत लिहितो: 'आठ तारीख. गळती, मिनिटाला चौदा थेंब.' 'वीस तारीख. अकरा थेंब.' ज्या पाण्याला वर्षभर शिव्या दिल्या, ते लवकर लवकर साचावं म्हणून हा माणूस रोज बंबात डोकावून बघतो!

परवा पॉवर हाऊसमध्ये एक नवा अटेंडंट आला. त्यानं बिचाऱ्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "दादा, बॉयलरचं मले थोडं समजावून सांगता का?"

चंपतची छाती सवयीनं पुढे आली. तोंड उघडलं. मग त्याला एक सणसणीत शिंक आली.

"बॉयलर म्हणजे काय असते," तो नाक पुसत म्हणाला, "ते माह्या मायले इचार."